नऊ नंबर हिरवाच होता

मला गोष्टी रचता येत नाहीत. बाजारातून काय काय आणलं हे नवऱ्याला सांगताना माझी दोनदा चूक होते. तेव्हा ज्यांना हे रचलेलं वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. जे मी पाहिलं आणि जे माझ्या अंगाला लागलं, तेवढंच लिहितेय.

दिवस रविवार. वेळ संध्याकाळचे सहा, बाहेर चांगलं ऊन होतं. भुतं रात्री येतात असं मीही ऐकत आले होते. माझ्या वाट्याला आलं ते भर दिवसा, ट्यूबलाइटच्या उजेडात, फिनेलने पुसलेल्या फरशीवर.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं ते नर्सिंग होम. मी पहिल्या मजल्यावर मदतनीस होते. बारा खोल्या, बारा माणसं. मला सगळे मावशी म्हणायचे. कॉम्प्युटरमध्ये मी सतरा नंबर होते.

काम साधं होतं. दर दोन तासांनी प्रत्येक खोलीत जायचं, माणसाची कूस बदलायची आणि चमच्याने थोडं पाणी पाजायचं. कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. एकदा झाल्या की त्या हाडापर्यंत जातात.

आधी हे वहीत लिहायचो. मग कॉम्प्युटर आला.

प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टी, पट्टीवर काळ्या रेघा. आमच्या हातात स्कॅनर. त्याला आम्ही पिस्तूल म्हणायचो. कूस बदलली, पाणी पाजलं, की पिस्तूल पट्टीवर धरायचं. पिक. की टेबलावरच्या स्क्रीनवर त्या खोलीचा चौकोन हिरवा. दोन तास उलटले की पिवळा. वर पंधरा मिनिटं गेली की लाल. आणि लाल झाला की मॅनेजरबाईंच्या मोबाइलवर टुंग, आणि आमच्या पगाराला कात्री.

घरच्या लोकांनाही हे मोबाइलवर दिसायचं. आपलं माणूस हिरवं आहे ना, एवढं बघायचं आणि कामाला लागायचं.

आता गंमत ऐका. पट्टी ओली झाली की पिस्तूल ती वाचायचं नाही. आणि अंथरुणातल्या माणसाची पट्टी कोरडी कधी असते? मी म्हातारीला अर्धवट वळवून धरलेली, एका हातात पिस्तूल, ते काही पिक करेना. ती बिचारी कण्हतेय आणि मी तिचं मनगट टॉवेलने पुसतेय. तिकडे बाकीचे चौकोन लाल होत चाललेले.

यावर तोडगा काढला माझ्या जोडीदाराने. त्याला आम्ही लंबू म्हणायचो. त्याने बाराही पट्ट्यांच्या रेघा एका कार्डावर छापून आणल्या आणि कार्ड टेबलाच्या खणात ठेवलं. आधी बारा खोल्यांत काम करायचं आणि मग खुर्चीत बसून पिक पिक पिक. एका मिनिटात सगळं हिरवं.

मला तेव्हा फार हुशारी वाटली होती त्याची.

पहिला महिनाभर आम्ही आधी खोल्यांत जायचो, मग कार्ड. मग घाई असली की आधी कार्ड, मग खोल्या. मग एखादी खोली राहून जायची. मग दोन.

पुढचं मी सांगायला नको. माणूस एकदम नीच होत नाही, हप्त्याहप्त्याने होतो.

आणि विचारणारं कोण होतं? मॅनेजरबाई स्क्रीन बघायच्या. डॉक्टर रविवारी अकरा वाजता यायचे, ऑफिसात चहा पीत स्क्रीन बघायचे आणि बाराही जणांपुढे ‘प्रकृती स्थिर’ लिहून निघायचे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा सगळा कारभार. त्यातलं कुत्रं मीच, हे कळायला मला तो रविवार लागला.

नऊ नंबरमध्ये शिंपीणकाकू होत्या. आयुष्यभर शिवणकाम केलेलं. झटका आल्यापासून बोलता येत नव्हतं, गिळता येत नव्हतं. नाकातून नळी, नळीला पंप, पंपावर पातळ दुधासारख्या अन्नाची पिशवी. ती दिवसातून एकदा संध्याकाळी सहाला बदलायची. त्यामुळे जेवणाची गाडी नऊसमोर थांबायचीच नाही. पाणी म्हणजे ओठ ओले करण्यापुरते दोन-चार थेंब. डावा हात तेवढा हलायचा. आपण वाकलो की त्या आपलं बोट धरायच्या. सुया टोचून टोचून त्यांच्या बोटांची टोकं खरबरीत झाली होती.

मला त्या आवडायच्या. तरीही मी गेले नाही.

त्या रविवारी सकाळी आठला मी कार्डावर पिक केलं. दहाला केलं. बाराला, दोनला, चारला. लंबू मोबाइल बघत होता, मी टेबलावर पाय सोडून बसले होते, आणि नऊ नंबर हिरवा होता.

सहा वाजता पिशवी बदलायला दार उघडलं.

आधी वास आला. दूध नासल्यावर फडक्याला येतो तसा... आणि त्याच्या खाली दुसरा एक.

पंप चालू होता. हळू, नेमाने, घर्र... घर्र...

काकू डाव्या कुशीवर होत्या. डोळे उघडे. तोंडातून, नाकातून ते पांढरं अन्न बाहेर येत होतं. उशी भिजली होती, गादी भिजली होती, खाली फरशीवर थारोळं झालं होतं. कडेने मुंग्यांची रांग लागली होती. पोट फुगून टम्म. मेलेल्या बाईला ते यंत्र दिवसभर जेवू घालत होतं.

मी हात लावला तर त्या लाकडासारख्या ताठ. तरी वळवायला गेले. खांद्याखालची चादर कातडीला चिकटली होती... ती सुटली तेव्हा जो आवाज झाला तो मी लिहीत नाही.

मी तिथेच, त्याच फरशीवर ओकले.

डॉक्टर आले. बघितलं आणि म्हणाले, पहाटेच गेल्यात. चारच्या सुमारास. मग कॉम्प्युटरवर मृत्यूची वेळ टाकायला बसले, पहाटे चार अशी. कॉम्प्युटर ती घेईना. लाल अक्षरात सांगायला लागला की या वेळेनंतर रुग्णाची सेवा झाल्याच्या नोंदी आहेत, वेळ तपासा.

सहाची रात्रपाळीची, आणि त्यापुढच्या माझ्या. आठ, दहा, बारा, दोन, चार.

खोलीत डॉक्टर, मॅनेजरबाई, लंबू आणि मी. कुणी कुणाकडे बघेना. सगळ्यांना सगळं कळलं होतं. शेवटी मॅनेजरबाई म्हणाल्या, "मग जी घेतोय ती टाका."

डॉक्टरांनी संध्याकाळचे पाच टाकले. कॉम्प्युटरने मुकाट्याने घेतले.

म्हणजे काकू पाच वाजता गेल्या. तसं लेखी आहे.

काकूंची लेक एकुलती एक. दर रविवारी यायची. त्या रविवारी आली नव्हती, कारण मोबाइलवर हिरवं दिसत होतं आणि तिला काम होतं. मॅनेजरबाईंनी तिला नोंदींचा कागद काढून दिला. शेवटपर्यंत दर दोन तासांनी पाणी पाजलं, कूस बदलली, असा स्वच्छ, छापील कागद. ती तो छातीशी धरून रडली. मी जिन्यात उभी राहून बघत होते. मला तिच्याजवळ जाऊन खरं सांगायचं होतं. पाय उचललाच नाही. मूग गिळून बसणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी कळलं.

त्या कागदात एक गोष्ट होती. पिक केलं की कुठल्या कुशीवर वळवलं तेही निवडायचं असतं. आम्ही कार्डावरून करताना कधी निवडायचो नाही. न निवडलं की कॉम्प्युटर आपणहून ‘डावी’ लिहायचा. डावी, डावी, डावी, डावी, डावी. डावीकडे असलेल्या माणसाला पुन्हा डावीकडे कसं वळवणार? कागद नुसता वाचला असता तरी कुणालाही कळलं असतं. पण वाचतंय कोण? सगळे हिरवं बघत होते.

कार्ड फाडून टाकलं. आठ दिवस आम्ही सगळ्या खोल्यांत गेलो, अगदी मनापासून. नवव्या दिवशी लंबूने नवीन कार्ड आणलं. त्यावर अकराच पट्ट्यांच्या रेघा होत्या. नऊ नंबर वगळला होता.

त्याने दिलं, मी घेतलं. वाचताना तुम्हाला किळस आली असेल तर ती योग्य जागी आली आहे.

सकाळचे दहा. मी खुर्चीत बसून अकरा वेळा पिक केलं. पिस्तूल खाली ठेवलं.

आणि... बारावं पिक झालं.

माझ्या हातातून नव्हे. व्हरांड्याच्या टोकाकडून. जिकडे नऊ नंबर होता तिकडून.

मजल्यावर पिस्तूल एकच होतं आणि ते माझ्यासमोर टेबलावर पडलं होतं.

स्क्रीनकडे बघितलं. नऊचा चौकोन त्या आठवड्यात काढून टाकला होता. आठच्या पुढे थेट दहा असायचा.

आता आठ होता, नऊ होता, दहा होता. नऊ हिरवा.

त्यावर बोट ठेवलं. कूस बदलली, डावी. पाणी पाजलं. मदतनीस, सतरा.

नऊमध्ये जाऊन बघितलं. पलंग रिकामा, गादी उभी करून ठेवलेली, पंप कपाटात. वासबीस काही नाही. मागे वळले तर दारात लंबू. त्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. आणि अंगावरचा काटा पदराखाली झाकून घेतला.

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. हसतमुख माणूस, कॉम्प्युटर चुकतो हे त्याला मान्यच नव्हतं. म्हणाला, जुनी नोंद कुठेतरी अडकली असेल, ती आता आली. काढून टाकली. बाराला पुन्हा पिक झालं. त्याने स्वतः ऐकलं. वेळ बघितली, ती त्याच दिवसाची होती. पुन्हा काढली. पुन्हा आली. मग पिशवी आवरताना मला एवढंच म्हणाला, "मावशी, मला विचारू नका. तुमच्याच नंबरवरून होतंय."

दोन वाजता माझी जेवणाची सुट्टी असायची. स्टाफच्या खोलीत एक लांब बाक होता. मी उताणी पडले. लंबू समोर खुर्चीत मोबाइल बघत होता. दिवा चालू, दार उघडं. मला डुलकी लागली.

एक हात माझ्या उजव्या खांद्याखाली गेला...

दुसरा कमरेखाली...

आणि मला डाव्या कुशीवर वळवलं. हलक्या हाताने, सवयीच्या. मी स्वतः शेकडो वेळा असं वळवलंय, म्हणून मला तो हात ओळखू आला. आम्हाला शिकवलं होतं अगदी तसंच. मानेला लागलेल्या बोटांची टोकं खरबरीत होती.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं.

उघडल्या तोंडात चमचा आला.

पाणी नव्हतं ते. कोमट, चिकट, आंबट. मी उठून बसले आणि थुंकले. फरशीवर पांढरं पडलं. तोच वास.

लंबूने मान वर केली. मी विचारलं, कोण आलं होतं? तो म्हणाला, "कुणी नाही. तुझी तूच वळलीस की आत्ता." आणि फरशीकडे बघून म्हणाला, "दूध पचत नसेल तर पिऊ नये माणसाने."

मी त्या दिवशी दूध प्यायले नव्हते.

घड्याळात दोन वाजून एक मिनिट झालं होतं.

मग ते घरीही सुरू झालं. नवरा सांगायचा, तू झोपेत दर दोन तासांनी वळतेस, आणि वळतेस म्हणजे कुणीतरी वळवल्यासारखी, अख्खी एकदम. उठायची तेव्हा डाव्या कुशीवर, तोंडात आंबट. पाच पाच वेळा दात घासायचे. अन्नाची शिसारी यायला लागली. भात कालवला की त्यात तेच दिसायचं. तीन आठवड्यांत कपडे अंगावर लोंबायला लागले. डॉक्टरकडे गेले. त्यांनी माझ्याकडे न बघता स्क्रीनवरचे रिपोर्ट बघितले आणि सांगितलं, सगळं व्यवस्थित आहे.

मला कळलं होतं काय करायला पाहिजे ते. खाई त्याला खवखवे. लेकीला खरं सांगायचं, ती देईल त्या शिव्या खायच्या, पोलिसात गेली तर जायचं. एकदा सांगितलं की हे थांबेल.

दुपारी साडेतीनला तिच्या घरी गेले. ती घरूनच काम करायची. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी मोबाइल. तिने ओळखलं, बसवलं, पाणी दिलं. मी ग्लासला हात लावला नाही.

सगळं सांगितलं. कार्ड सांगितलं. पाच वेळा पिक सांगितलं. पंप, उशी, मुंग्या, काही लपवलं नाही. तुमची आई पहाटे चारला गेली, एकटी गेली, आणि त्या दिवशी तिला पाण्याचा थेंब मिळाला नाही, असं सरळ सांगितलं.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही फार दमलात. माणूस गेलं की असं वाटत राहतं, आपलंच काहीतरी चुकलं म्हणून."

मी म्हटलं, वाटत नाही, झालंय.

"पण इथे आहे ना सगळं," ती म्हणाली. कपाटातून तो कागद काढला. हात फिरवून फिरवून कडा मऊ झाल्या होत्या. "कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?"

मी तिच्या समोर बसले होते, हाडामांसाची, तोंडाने सांगत होते. तिने माझ्यापेक्षा कागदावर विश्वास ठेवला. मला तिची चीड आली. मग स्वतःची आली, कारण तो कागद मीच लिहिलेला होता.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. पिक.

भिंतीवर चार वाजले होते.

तिने मोबाइल उचलला, बघितला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. शाळेतून पोर घरी आलं की आईच्या चेहऱ्यावर येतं, ते. तिने स्क्रीन माझ्यापुढे धरली.

नऊ नंबर. हिरवा. कूस बदलली, डावी. पाणी पाजलं. मदतनीस, सतरा.

"दर दोन तासांनी येतं," ती म्हणाली. "मी वेडी नाही, मावशी. आई गेली मला माहीत आहे. पण हे येतं तेव्हा मला झोप लागते. तुम्ही कुणाला सांगून हे बंद करू नका."

माझ्या तोंडात आंबट पाणी सुटलं होतं.

मग तिने विचारलं, "सतरा म्हणजे तुम्हीच ना?"

मी खरं सांगायला आले होते. त्यासाठी दोन बस बदलल्या होत्या. तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. नाही म्हटलं असतं तर तिची झोप गेली असती. हो म्हटलं तर...

"हो," मी म्हटलं.

तिने माझा हात दाबला. म्हणाली, "एकच सांगते. तुम्ही तिला सारखं डाव्या कुशीवर ठेवता. डावा खांदा दुखायचा तिचा, मशीनवर बसून बसून. उजवीकडे ठेवत जा." आणि मी काही बोलायच्या आत तिने मोबाइलवर सूचना लिहिली, पाठवली आणि मला दाखवली.

नोकरी मी दुसऱ्या दिवशीच सोडली. याला सात महिने झाले. सतरा नंबर दुसऱ्या कुणाला दिला का म्हणून लंबूला फोन केला होता. दिला नाही, बंद केलाय म्हणाला.

झोपताना मी भिंतीला पाठ लावून डाव्या कुशीवर झोपते. पोटाशी उशा रचते. नवऱ्याला हात धरून ठेवायला सांगते.

त्या दिवसापासून मला रोज जाग येते ती उजव्या कुशीवर.